कोल्हापूरचा उजेड : फिल्मवरचा आणि डिजिटलवरचा

कोल्हापूरने 'सैरंध्री' दोनदा पडद्यावर आणली. पहिली १९२० साली, कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने. ती मूक होती आणि कृष्णधवल होती. दुसरी १९३३ साली, प्रभात फिल्म कंपनीने, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली. ती बोलकी होती आणि रंगीत करण्याचा प्रयत्न तिच्या बाबतीत झाला. पहिल्या 'सैरंध्री'ने बाबूरावांना लोकमान्य टिळकांकडून 'सिनेमा केसरी' ही पदवी मिळवून दिली. दुसरीचे रंग मात्र मनासारखे उतरले नाहीत आणि प्रभातने पुढील अनेक वर्षे कृष्णधवल चित्रपटांतच आपले कर्तृत्व दाखविले.

एकाच नगरीत, तेरा वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन प्रयत्नांत छायाचित्रणातील एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. डोळ्यास दिसणारा रंग आणि कॅमेऱ्याने टिपलेला रंग एकच असतो काय? नसल्यास, चित्रात अखेर कोणता रंग उमटावा हे कोणी आणि केव्हा ठरवावयाचे? आज फिल्मची जागा डिजिटल कॅमेऱ्याने आणि त्याहूनही अधिक प्रमाणात मोबाईल फोनने घेतली आहे. फिल्मचे रंग खरे की डिजिटलचे, असा वाद छायाचित्रकारांत आणि हौशी मंडळींत अजूनही रंगतो. दोहोंचे कार्य कसे चालते हे नीट पाहिल्यास या वादातील बराचसा धुरळा खाली बसेल.

चांदीच्या कणांची दृष्टी

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर. त्यात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडला की या स्फटिकांत अदृश्य बदल होतो आणि रसायनात धुतल्यावर प्रकाश पडलेल्या जागी काळी चांदी तयार होते. हा सारा व्यवहार रसायनाचा आहे आणि रसायनास आवडनिवड असते. चांदीचे क्षार मुळात निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देतात. विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून त्यांना हिरवा प्रकाशही दिसू लागतो, हा शोध जर्मन शास्त्रज्ञ फोगेल यांनी १८७३ मध्ये लावला. अशा फिल्मला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. तिला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे. कपाळीचे कुंकू तिच्यावर काळे उमटे, निळे आकाश पांढरे फटक होई आणि गालावरची लाली डागासारखी दिसे.

मूकपटांच्या काळात बहुतांश चित्रण अशाच फिल्मवर होई. त्यामुळे वेशभूषा, रंगभूषा व पडदे यांची निवड करताना डोळ्यास काय शोभते यापेक्षा फिल्मला काय दिसते याचा विचार प्रथम करावा लागे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे मुळात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे चित्रकार. रंगाचे करड्या छटांत रूपांतर करून पाहण्याची सवय चित्रकाराच्या डोळ्यास असते आणि कृष्णधवल चित्रणाची गरज नेमकी तीच होती. कोल्हापूरच्या पहिल्या पिढीतील चित्रपट चित्रकारांच्या हातून घडले, यास केवळ योगायोग म्हणता येणार नाही. आबालाल रहिमान यांनी कोटीतीर्थाच्या परिसरातील उजेड जलरंगांत टिपला तो याच नगरीत.

प्रकाशाबाबतही बाबूरावांनी परावलंबन पत्करले नाही. परदेशी यंत्रसामग्री सहज हाती येत नाही असे दिसताच १९१८ च्या सुमारास त्यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्यात आला. तोवर आपल्याकडील चित्रण उघड्या आवारात, सूर्याच्या मर्जीवर चाले. ढग आले की काम थांबे.

१९३३ चा प्रयोग

'रंगीत सैरंध्री'साठी बायपॅक पद्धतीचा आश्रय घेण्यात आला आणि प्रती जर्मनीत तयार करून घेण्यात आल्या. त्यासाठी शांताराम स्वतः तेथे गेले होते. या जातीच्या पद्धतीत दोन निगेटिव्ह एकमेकींस चिकटून कॅमेऱ्यातून जातात. पुढची निळसर-हिरव्या प्रकाशाची नोंद घेते, मागची तांबड्याची. छापतानाही दोनच रंग वापरले जातात, एक नारिंगी-तांबडा आणि दुसरा निळा-हिरवा. मानवी डोळ्यास मात्र रंगाच्या पूर्ण जाणिवेसाठी तीन प्रकारची नोंद लागते. दोन रंगांच्या मेळातून चेहऱ्याचा वर्ण बऱ्यापैकी साधतो, पण हळदीचा शुद्ध पिवळा किंवा पैठणीचा जांभळा त्यातून निघत नाही. पौराणिक चित्रपटात तर भरजरी वस्त्रे, पितांबर आणि दागिने यांचाच थाट असतो.

येथे फिल्मचे एक महत्त्वाचे लक्षण ध्यानात येते. चित्रणाच्या क्षणी निगेटिव्हवर जे उतरते त्यापलीकडे पुढे कोणासही फारसे जाता येत नाही. प्रयोगशाळेत रंग थोडा इकडे-तिकडे करता येतो, जो नोंदलाच गेला नाही तो आणता येत नाही. कॅमेऱ्यात फिल्म भरली तेव्हाच निम्म्याहून अधिक निर्णय झालेला असतो.

तीन रंगांचे तत्त्व तसे जुने होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८६१ मध्येच तांबड्या, हिरव्या व निळ्या काचेतून घेतलेली तीन कृष्णधवल चित्रे एकत्र प्रक्षेपित करून रंगीत चित्राचे प्रात्यक्षिक दाखविले होते. परंतु ते एकाच पट्टीवर बसविण्यास पाऊण शतक लागले. कोडॅक्रोम १९३५ मध्ये आणि आग्फाकलर १९३६ मध्ये बाजारात आली. या फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशासाठी एकावर एक तीन थर असतात आणि धुताना प्रत्येक थरात पूरक रंगाचे रंगद्रव्य तयार होते. प्रभातचा प्रयोग या शोधाच्या अवघी दोन वर्षे आधीचा. धाडस योग्य होते, साधन तयार नव्हते, एवढेच म्हणावे लागेल. पुढे १९३७ मध्ये मुंबईच्या इम्पीरियल कंपनीने 'किसान कन्या' हा रंगीत चित्रपट भारतातच पूर्ण केला.

संवेदकाची घरे

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनचा संवेदक असतो. त्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घर म्हणजे जणू पावसाचे पाणी मोजण्यासाठी ठेवलेले भांडे. पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात त्यात विद्युतभार साठतो आणि तो मोजून त्याचा अंक केला जातो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये या तत्त्वावरील सीसीडीची कल्पना मांडली गेली. तिच्या जनकांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या चित्रात अवघे दहा हजार बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटवर नोंदण्यास तेवीस सेकंद लागत. फिल्मच्या धंद्याला पुढे जे ग्रासणार होते ते फिल्मच्याच घरी जन्मास आले, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा.

या घरांना रंग कळत नाही; त्यांना फक्त उजेड कमी की जास्त एवढेच कळते. म्हणून प्रत्येक घरावर तांबड्या, हिरव्या किंवा निळ्या रंगाचे एक सूक्ष्म गाळणे बसवितात. कोडॅकचेच ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळविलेल्या रचनेत निम्मी घरे हिरवी, पाव तांबडी आणि पाव निळी असतात, कारण मानवी डोळा हिरव्या प्रकाशाच्या आधारे तपशील अधिक चांगला ओळखतो. म्हणजे एका ठिकाणी एकाच रंगाचे मोजमाप होते आणि उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून हिशेबाने काढले जातात. डिजिटल चित्रातील दोनतृतीयांश रंग अशा रीतीने अनुमानित असतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. अनुमान उत्तम असते हे खरे. परंतु 'डिजिटलमध्ये जसे आहे तसेच येते' हा समज मात्र सोडून द्यावा लागेल.

किरणोत्सवाची कसोटी

प्रकाशाच्या बाबतीत या दोन साधनांचा स्वभाव किती भिन्न आहे हे समजून घ्यावयाचे तर अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव डोळ्यांपुढे आणावा. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. दरवर्षी ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी ते देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत व तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचावेत अशी योजना आहे. ढग, धूलिकण आणि मार्गातील अडथळे यांवर पुष्कळ अवलंबून असते. सारा सोहळा काही मिनिटांचाच. भोवती काळ्या पाषाणाचा गाभारा आणि त्यात सोन्यासारखी एक तिरीप, असे दृश्य असते. उजेड व अंधार यांतील इतके मोठे अंतर कोणत्याही कॅमेऱ्याची परीक्षा पाहणारे आहे.

रंगीत निगेटिव्ह फिल्मवर प्रकाश वाढत गेला तरी तिचा प्रतिसाद त्याच प्रमाणात वाढत नाही. एका मर्यादेनंतर तो मंदावतो आणि हळूहळू सपाट होतो. त्यामुळे तिरीप पडलेला भाग एकदम कोरा न होता पिवळसर, मग फिकट आणि मग पांढरा असा पायरीपायरीने विरतो. जुन्या छायाचित्रांतील उजेड 'मऊ' वाटतो त्याचे बरेचसे श्रेय या गुणास आहे. उलट फिल्मला अंधार नीट दिसत नाही. छायेत पुरेसा प्रकाश पडला नाही तर तेथे स्फटिक जागेच होत नाहीत आणि नंतर कितीही प्रयत्न केले तरी तेथून काही निघत नाही. म्हणून निगेटिव्ह वापरणारा जाणकार छायाचित्रकार छायेकडे पाहून प्रकाश मोजत असे व थोडा अधिकच देत असे.

डिजिटलमध्ये हे गणित उलटे होते. संवेदकाचे घर भरेपर्यंत प्रकाशाच्या प्रमाणातच नोंद होते. भरले की भरले. भांडे काठोकाठ भरल्यावर वर कितीही पाऊस पडला तरी मापनात फरक पडत नाही, तसेच हे. तिरिपीतील भाग एकदा पांढरा झाला की तेथे चेहऱ्याची रेषाही उरत नाही आणि सोन्याचा रंगही उरत नाही. मात्र अंधाराच्या बाबतीत आजचे संवेदक फिल्मपेक्षा पुष्कळ पुढे गेले आहेत. काळ्या दिसणाऱ्या भागातूनही नंतर बराच तपशील वर काढता येतो. म्हणून डिजिटलवर उजेडाकडे पाहून मोजावे, थोडा प्रकाश कमीच द्यावा आणि छाया मागाहून उचलावी.

अनेक अनुभवी छायाचित्रकारांना फिल्म सोडताना त्रास झाला तो येथेच. तीस-तीस वर्षे हातात मुरलेली थोडा जास्त प्रकाश देण्याची सवय नव्या कॅमेऱ्यावर घातक ठरली. लग्नातील पांढरे धोतर आणि नवरीच्या शालूची जर यांतील सारे विणकाम नाहीसे होऊ लागले. दोष कॅमेऱ्याचा नव्हता आणि हाताचाही नव्हता. एका साधनाची शिस्त दुसऱ्यास लावली गेली होती.

गुलाल आणि तांबडी माती

रंगाची कसोटी पाहावयाची तर चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरी येथे जावे. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्या नाचत असतात आणि गुलालाने डोंगर, माणसे व देवालयाच्या पायऱ्या गुलाबी होऊन जातात. भर उन्हातील गुलाल हा डिजिटल कॅमेऱ्यास अवघड जाणारा रंग आहे. गर्द गुलाबी रंगातून येणारा प्रकाश मुख्यतः तांबडा व काहीसा निळा असतो. त्यामुळे तांबड्या गाळण्याखालची घरे इतरांच्या आधी काठोकाठ भरतात. एकूण प्रकाश योग्य असल्याचे कॅमेरा सांगत असतो, परंतु गुलालाचे कण, त्यातील उंचसखलपणा, घामाने झालेले ओघळ हे सर्व एकसंध रंगाच्या ठिगळात बुडते. यावर उपाय दोन. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे दाखविणारी सोय कॅमेऱ्यात असल्यास ती चालू ठेवणे, आणि चित्र रॉ स्वरूपात नोंदणे. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉ नोंदीत त्या १६,३८४ असतात. दुरुस्तीस वाव राहतो तो या जादा पायऱ्यांमुळे. फिल्मवर गुलाल तुलनेने सौम्य उतरतो. तो अधिक खरा असतो असे मात्र म्हणता येणार नाही. प्रत्येक कंपनीच्या फिल्मचा रंग वेगळा असे. कोणाची हिरवी झाक, कोणाचा उबदार पिवळेपणा. ती त्या रसायनाची चव होती.

तालमीतील चित्र याहून निराळे. मंद उजेडात, तांबड्या मातीत लोळलेला मल्ल, त्याचा सावळा वर्ण आणि त्यावर तेलाची चकाकी. येथे वर्णाचा प्रश्न येतो आणि तो केवळ तंत्राचा नाही. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी रंगीत छपाई जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुनापत्र पुरवीत असे आणि त्यावर गोऱ्या वर्णाच्या स्त्रीचे छायाचित्र असे. त्या वर्णास जे योग्य तेच प्रमाण मानले गेले. सावळ्या व काळ्या वर्णाचे बारकावे त्या प्रमाणात बसत नसत. आपल्याकडील कित्येक घरांतील जुन्या अल्बममध्ये चेहरे राखी किंवा विटकरी दिसतात, त्यामागे रंगद्रव्ये उडणे हे कारण असतेच. पण हा प्रमाणाचा दोषही काही अंशी असू शकतो. डिजिटलमध्ये ही जुळवाजुळव छायाचित्रकाराच्या हाती आली हे मोठे स्वातंत्र्य होय. मात्र मोबाईल फोन आपणहून चेहरा उजळवितो आणि त्वचा गुळगुळीत करतो, तेव्हा नमुनापत्रावरील ती गोरी स्त्री दुसऱ्या वाटेने परत आलेली असते.

दिव्यांचे रंग

दिवसाचा प्रकाश आणि दिव्याचा प्रकाश एका रंगाचे नसतात. डोळा व मेंदू हा फरक आपोआप भरून काढतात, फिल्म काढीत नाही. दिवसाच्या फिल्मची जुळणी सुमारे ५,५०० केल्विनच्या उजेडासाठी असे. स्टुडिओतील टंगस्टन दिव्यांसाठी ३,२०० केल्विनची वेगळी फिल्म घ्यावी लागे. चुकीची फिल्म भरली तर बैठकीच्या खोलीतील सारी मंडळी केशरी होत, आणि ट्यूबलाइटखाली हिरवट. डिजिटल कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सच्या सोयीने हीच जुळणी चित्रागणिक, एवढेच काय, चित्र काढून झाल्यावरही बदलता येते. रंगाच्या बाबतीत डिजिटलने केलेली ही सर्वांत मोठी सोय होय. तीतही एक खोच आहे. रंकाळ्यावरील सायंकाळ केशरी असते म्हणूनच ती पाहावयास लोक जमतात. कॅमेऱ्यास आपल्या बुद्धीने जुळणी करू दिली तर तो ती केशरी छटा 'चूक' समजून पुसून टाकतो. अशा वेळी कॅमेरा दिवसाच्या उजेडावर पक्का ठेवावा, म्हणजे तो फिल्मसारखा वागतो.

जुन्या निगेटिव्हचे काय करावे

रंगाचा विचार चित्र काढून संपत नाही. ते टिकवावेही लागते. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्ये कालांतराने उडतात, अंधारात ठेवली तरी उडतात. कृष्णधवल निगेटिव्हमधील चांदी योग्य रीतीने धुतलेली असल्यास पुष्कळ अधिक टिकते. त्याहून जुन्या नायट्रेट फिती ज्वालाग्राही असतात. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा फितींना लागलेल्या आगीत जुन्या भारतीय चित्रपटांचा मोठा ठेवा नष्ट झाला. डिजिटल अंक उडत नाहीत, पण ते ज्या तबकडीवर असतात ती एका सकाळी उघडत नाही. निगेटिव्हला निदान हातात धरून उजेडाकडे पाहता येते.

कोल्हापुरातील स्टुडिओंत आणि घराघरांतील ट्रंकांत अशा निगेटिव्ह आजही असतील. जागेची अडचण म्हणून त्या रद्दीत जाण्यापूर्वी पुढील गोष्टी करता येतील. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तिचा पाया कुजू लागला आहे असे समजावे आणि ती इतरांपासून वेगळी ठेवून तिचे स्कॅनिंग आधी उरकावे. स्कॅन रॉ किंवा सोळा बिटांच्या टिफ स्वरूपात घ्यावे, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे आणि मूळ निगेटिव्ह फेकू नये. आज न दिसणारा तपशील उद्याच्या स्कॅनरला दिसू शकतो. साठवण कोरड्या व थंड जागी, कागदी पाकिटांत करावी. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल कोंडून बुरशी धरते.

पुराच्या पाण्याचा विचार कोल्हापूरकरांनी विशेष करावा लागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरले होते. भिजलेल्या निगेटिव्ह आणि छायाचित्रे चिकटलेल्या स्थितीत वाळू देऊ नयेत. वाळल्यावर जिलेटिनचा थर सोलून निघतो. त्या स्वच्छ थंड पाण्यात ठेवाव्यात, पाण्यातच हलक्या हाताने सुट्या कराव्यात, चित्राच्या बाजूस बोट लावू नये आणि शक्यतो दोन दिवसांच्या आत दोरीवर एकेक करून सावलीत टांगाव्यात. उन्हात वाळविल्यास त्या आक्रसतात.